आतला अडसर

जुन्या वाड्यांच्या दरवाज्यामागे एक आडवे लाकूड असे, त्याला अडसर म्हणत. दिवेलागण झाली की घरातील कर्ता पुरुष ते भिंतीतील खोबणीतून ओढून कवाडांच्या पाठीशी सरकवी, आणि मग बाहेरून कोणी कितीही बळ लावले तरी कवाडे हालत नसत. या साध्या उपकरणाचा विशेष असा की ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही आणि त्याच्याने काढवतही नाही. ज्या बाजूच्या हाताने ते लागते त्याच बाजूच्या हाताला ते काढावे लागते. मराठी भाषेने या लाकडाचे नाव पुढे सर्व प्रकारच्या अडथळ्यांना दिले. पण अडसर आतून लावलेला असतो ही त्या शब्दातील मूळ खूण व्यवहारात पुसट होत गेली. म्हणूनच दुर्बलांच्या मार्गातील अडसर असे आपण म्हणतो तेव्हा ते वाटेवर आपोआप येऊन पडलेले धोंडे आहेत, आणि दुर्बलाच्या पायात थोडे बळ आले की तो ते ओलांडून जाईल, अशी कल्पना आपण नकळत मनाशी बाळगतो. वर्धा जिल्ह्यात गेल्या शंभर वर्षांत झालेल्या सामाजिक सहाय्यकार्याचा परिचय करून देणारा हा ग्रंथ ती कल्पना बाजूस ठेवून विचार करू पाहतो, आणि त्याची प्रस्तावना लिहिताना मला त्या आडव्या लाकडाचाच आधार घ्यावासा वाटतो.

नवख्या वाचकासाठी प्रथम या कार्याची व्याप्ती सांगितली पाहिजे. त्याचे तीन थर आहेत. पहिला थर तातडीच्या गरजेचा: उपाशी माणसाला अन्न, आजाऱ्याला औषध, निराश्रिताला छप्पर. दुसरा थर हक्काच्या प्राप्तीचा: कायद्याने वा सरकारी हुकुमाने जे देऊ केले आहे, ते अर्ज, दाखला, पडताळणी आणि मंजुरी यांच्या जंजाळातून वाट काढीत हक्कदाराच्या हाती पोचविणे. तिसरा थर अडसर काढण्याचा: ज्या रूढीमुळे, भयामुळे, नियमामुळे किंवा निव्वळ बेपर्वाईमुळे एखाद्या माणसाला चारचौघांत बसता येत नाही, तिच्यावरच हात घालण्याचा. पहिल्या थराचे काम डोळ्यांना दिसते आणि त्याची छायाचित्रे निघतात. दुसऱ्या थराचे काम दप्तरात नोंदले जाते. तिसऱ्या थराचे काम मात्र पुरे झाले की दिसेनासे होते, कारण ज्या विहिरीवर आज सगळे गाव पाणी भरते तेथे एकेकाळी काही जणांना मज्जाव होता, ही गोष्ट पुढच्या पिढीला मुद्दाम सांगावी लागते. अशा दिसेनाशा झालेल्या कामाची स्मृती राखणे आणि अजून न झालेल्या कामाची जाणीव देणे, या दोन्ही गोष्टी एका ग्रंथात आणण्याची आवश्यकता त्यातूनच उत्पन्न होते.

वर्धा जिल्ह्याची ओळख उर्वरित महाराष्ट्राला बहुधा आश्रमांवरून असते. सेवाग्रामची बापू कुटी, पवनारला धाम नदीच्या काठावरील विनोबांचा आश्रम, मगनवाडी, गोपुरी ही नावे अनेकांच्या परिचयाची आहेत. परंतु आश्रम ज्या भूमीवर उभे राहिले ती कशी होती हे समजल्यावाचून त्यांचे कार्य समजत नाही. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ साली वसविलेले त्याचे मुख्य ठाणे. काळी कसदार जमीन, आणि तिच्यात पिकणाऱ्या कापसावर वाढलेल्या हिंगणघाट, पुलगाव, आर्वी यांसारख्या बाजारपेठा. मध्यप्रांतातील रिवाजाप्रमाणे येथे मालगुजारीचा अंमल होता, आणि गावाचा वसूल, गावची पडीत जमीन, गावातला शब्द यांवर बहुधा एका घराची सत्ता चाले. भूमिहीन बाईने वेचून ओटीत भरलेला कापूस रेल्वेने दूरदेशी जाई, आणि ती बाई संध्याकाळी गावाच्या कडेला, महारवाड्यात किंवा मांगवाड्यात, नाहीतर आणखी पलीकडे पारध्यांच्या बेड्यावर किंवा गोंड-कोलामांच्या वस्तीत परतत असे. आज आठ तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १३ लाख लोकवस्तीच्या या जिल्ह्यात मालगुजारी उरलेली नाही. पण गावाच्या रचनेत कोरले गेलेले ते अंतर पुष्कळ ठिकाणी अजूनही पावलांनी मोजता येते.

या कार्याची सर्वांत प्राचीन परंपरा दानधर्माची. सदावर्ते, धर्मशाळा, अन्नछत्रे आणि पाणपोया यांनी दुष्काळांत आणि साथींत असंख्य जीव तगविले, आणि तिच्याविषयी अनादराने बोलण्याचा अधिकार उपाशी माणसाला एक घासही न दिलेल्या कोणालाच नाही. परंतु दानाच्या शास्त्रात दात्याचे पुण्य हे मुख्य फल असून घेणाऱ्याचे समाजातील स्थान बदलावे ही अपेक्षा त्यात नाही. पाणपोईवर तहानलेल्याला पाणी मिळे, तथापि काही जणांच्या ओंजळीत ते उंचावरून ओतले जाई, आणि त्या उंचीचा विचार करण्याचे कारण धर्मशील दात्याला वाटत नसे. हा विचार सुधारणेच्या परंपरेने केला. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. या दुसऱ्या कृतीचे मर्म असे की हौद त्यांचा स्वतःचा होता; त्यांनी उपदेशाआधी आपल्या दारामागचा अडसर काढला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली स्थापन केलेल्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीने शाळा आणि वसतिगृहे यांच्या द्वारे हेच सूत्र संस्थारूपाने पुढे नेले. आमच्या विदर्भात गाडगे महाराजांनी हातात झाडू घेऊन आणि तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेऊन तेच सूत्र अशा श्रोत्यांपर्यंत पोचविले, ज्यांच्या हाती पुस्तक कधीच येणार नव्हते.

वर्ध्याच्या भूमीवर जी परंपरा रुजली ती रचनात्मक कार्याची. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून एप्रिल १९२१ मध्ये विनोबा येथे आले, आणि पुढे याच जमनालालजींनी जुलै १९२८ मध्ये आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले करून दिले. मंदिर त्यांच्या घराण्याचे असल्यामुळे येथेही कवाड आतल्या माणसाने उघडले, आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी आपला देशव्यापी हरिजन दौरा वर्ध्याहूनच सुरू केला. १९३४ साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम उभे राहिले व जे. सी. कुमारप्पांनी त्याला अर्थशास्त्राचा भक्कम पाया दिला; ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास गेले, जे पुढे सेवाग्राम म्हणून जगाला माहीत झाले; आणि ऑक्टोबर १९३७ मधील वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना निघाली. गांधीजींच्या निधनानंतर मार्च १९४८ मध्ये त्यांचे सहकारी सेवाग्रामला एकत्र जमले आणि सर्वोदय समाजाची कल्पना साकार झाली. या सगळ्या घटना एरवी निरनिराळ्या प्रकरणांत सांगितल्या जातात. परंतु त्यांतून एकच आग्रह वाहताना दिसतो: सेवकाने गावाकडे पाहुण्यासारखे न जाता गावात राहावे, गावाचे पाणी प्यावे, आणि ज्याचे काम सर्वांत हलके मानले गेले ते काम प्रथम आपल्या हातांनी करावे.

या परंपरेच्या शेजारी, आणि पुष्कळदा तिच्याशी वाद घालीत, आंबेडकरी परंपरा उभी आहे, आणि तिचा विचार टाळून लिहिलेला या विषयावरील कोणताही ग्रंथ अर्धाच राहील. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर अडसर निघाला होता, तरी तळ्याचे पाणी प्यावयास २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तेथवर चालत जावे लागले, आणि त्यानंतर सत्याग्रहींना जो मार खावा लागला तो सर्वश्रुत आहे. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की जो हक्क दुसऱ्याच्या हृदयपरिवर्तनावर अवलंबून आहे त्याला हक्क म्हणता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ध्याहून फार दूर नसलेल्या नागपुरात जो धर्मांतराचा सोहळा झाला, त्याने या जिल्ह्यातील गावकुसाबाहेरच्या अगणित घरांना सांगितले की कवाड उघडण्याची वाट पाहत उंबरठ्यावर बसण्यापेक्षा स्वतःचे घर बांधावे. अडसराची माझी उपमा येथे थोडी अपुरी पडते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आतला माणूस अडसर काढतो हे खरे. पण बाहेरून कोणी दारावर ठामपणे हात मारल्यावाचून आतल्याला आपण दार लावून बसलो आहोत याचे भानच पुष्कळदा येत नाही. जमनालालजींचे मंदिर १९२८ साली उघडले, महाडचा सत्याग्रह त्याच्या आदल्या वर्षीचा, ही गोष्ट या दोन परंपरांच्या अभ्यासकाने सतत डोळ्यांपुढे ठेवावी असे मला वाटते.

सेवा आणि हक्क, आत आणि बाहेर यांचा हा संबंध वर्धा जिल्ह्यात सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो कुष्ठरोगाच्या इतिहासात; म्हणून तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. या रोगाला आपल्याकडे महारोग म्हणत, खेड्यांतून रक्तपिती म्हणत, आणि तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानला जाई. वस्तुतः तो मंद गतीने पसरणारा, बहुतेकांना न जडणारा असा जंतुजन्य रोग आहे. तो मज्जातंतूंना इजा करतो, हातापायांची संवेदना जाते, चुलीचा चटका किंवा पायातला काटा कळेनासा होतो, आणि त्या न कळलेल्या जखमांतून व्यंगे उत्पन्न होतात. व्यंग दिसू लागले की गाव माणसाला बाहेर काढी. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण वर्ध्याच्या परिसरातील खेडी हिंडत असता त्यांना हे दृश्य जागोजागी दिसले, आणि १९३६ साली त्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोगी सेवा मंडळाचे कुष्ठधाम उभारले. त्या काळी हे काम या देशात मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांचे मानले जाई, आणि त्यांनी ते अत्यंत निष्ठेने केले होते. दिवाणांनी ते या मातीतल्या तरुणाचे नित्यकर्म करून दाखविले. सेवाग्रामात गांधीजींनी संस्कृतज्ञ परचुरे शास्त्री यांना आश्रमाच्या आवारात कुटी बांधून दिली, आणि ते स्वतः त्यांच्या व्रणग्रस्त अंगाला मालीश करीत. ती कुटी आजही तेथे आहे. देशाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी जेथे चालत त्याच अंगणात एका कुष्ठरोग्याच्या पायाला तेल चोळले जात होते, ही गोष्ट रचनात्मक कार्याच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक सांगून जाते.

दत्तपूरपासून पुढे हा प्रवाह दोन वाटांनी गेला. एक वाट वसाहतीची. हिंगणघाट येथे २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात १९५१ साली आनंदवन वसविले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले. समाजाने टाकलेल्या माणसांनी शेती पिकविली, कापड विणले, घरे बांधली, आणि भिक्षेसाठी पसरलेला हात निर्मितीत गुंतला. या वाटेने जो आत्मसन्मान दिला त्याची थोरवी शब्दांत मावणारी नाही. दुसरी वाट घरोघर जाण्याची. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने वर्ध्यात आपले मुख्य ठाणे केले आणि डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री रूढ केली. ‘डॅप्सोन’ या स्वस्त गोळीमुळे रोग्याला घरी ठेवून बरे करणे आता शक्य झाले होते; प्रश्न फक्त घराने त्याला ठेवण्याचा होता. मग कुष्ठतंत्रज्ञ गावोगाव फिरू लागला. शाळेत मुलांच्या पाठी आणि दंड तपासू लागला, बधिर चट्टा पिसाने स्पर्श करून ओळखू लागला, आणि गोळ्या देताना सासूला, सुनेला, शेजाऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला की याला घराबाहेर काढू नका. पुढे १९८० नंतरच्या दशकात तीन औषधांचा एकत्रित उपचार आला, आणि तो देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत वर्धा होता.

या दोन वाटांची तुलना करताना कोणाला उणे ठरविण्याचा हेतू नाही. वसाहतीने माणूस वाचविला. पण ज्या गावाने त्याला काढून दिले होते ते गाव जसेच्या तसे राहिले, किंबहुना बाहेर पाठविण्याला एक चांगले ठिकाण आहे या विचाराने थोडे निश्चिंतही झाले. घरोघर जाणाऱ्याने गावाची ती निश्चिंती मोडली. जुन्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात एक कसोटी हमखास येते: रोग्याच्या घरी त्याच्या हातचा चहा घेतला का? कारण गाव कुष्ठतंत्रज्ञाचे व्याख्यान ऐकत नसे, त्याचा पेला बघत असे. आणि तो पेला रिकामा झालेला शेजारणीने पाहिला की त्या घरावरचा अर्धा बहिष्कार तेथेच सैल पडे. औषधाने जंतू मरतो, अडसर मात्र असा रिकाम्या झालेल्या पेल्यांनी, हळूहळू, एकेका अंगणात निघतो. कायद्याने या अंगणांच्या मागून येण्यास फार वेळ घेतला. निर्धन कुष्ठरोग्यांना वेगळे कोंडण्याचा १८९८ सालचा इंग्रजी कायदा २०१६ पर्यंत कागदावर होता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असण्याची तरतूद २०१९ साली रद्द झाली. देशपातळीवर या रोगाचे निर्मूलन झाल्याची, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरल्याची, घोषणा २००५ च्या अखेरीस झाली होती. म्हणजे रोगाला दूर करण्यास जेवढा काळ लागला त्याहूनही अधिक काळ रोग्याला जवळ करण्यास लागला.

आता आणखी दोन परंपरांचा उल्लेख केला म्हणजे हा नकाशा पुरा होईल. त्यांपैकी एक व्यावसायिक समाजकार्याची. लंडनचे टॉयनबी हॉल, शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ साली काढलेले हल हाऊस, अशा वस्तीत राहून केलेल्या कार्यातून ही विद्या विकसित झाली, आणि १९३६ साली, म्हणजे दत्तपूर आणि सेवाग्राम यांच्याच वर्षी, मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले. एकाच वर्षी तीन ठिकाणी एकाच प्रश्नाला तीन वेगळ्या वृत्तींनी हात घातला गेला, आणि तरीही पुढे कित्येक वर्षे त्यांचा एकमेकांशी म्हणावा तसा संवाद झाला नाही. सेवकाजवळ निष्ठा होती, पण नोंद ठेवण्याची शिस्त थोडी; पदवीधराजवळ शिस्त होती, पण मुक्काम थोडा. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी वाढविलेल्या कस्तुरबा रुग्णालयातून १९६९ साली जे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याने हे अंतर आपल्या परीने कमी केले. तेथील प्रत्येक नव्या तुकडीला एक गाव नेमून दिले जाते आणि विद्यार्थी त्या गावातील कुटुंबांची जबाबदारी घेतात. डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांत चालविलेल्या ज्वारीच्या आरोग्य विम्यात सुगीनंतर प्रत्येक घर आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी घाली, आणि त्या धान्यातून सर्वांच्या औषधोपचाराचा पाया रचला जाई. ज्याच्या घरची ज्वारी त्या कोठीत पडली तो रुग्णालयात उपकाराचा धनी न राहता भागीदार म्हणून येतो, हा या योजनेचा माझ्या मते सर्वांत मोलाचा धडा.

उरलेली परंपरा बचत गटांची, जिने सहाय्य घेणाऱ्यालाच सहाय्यक बनविले. दर आठवड्याला थोडी थोडी बचत पेटीत टाकणाऱ्या दहा-बारा बाया, त्यांचे अंतर्गत कर्ज, त्यांची नोंदवही, मग ग्रामसंघ, मग प्रभागसंघ, ही रचना आज सर्व महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात ज्या अनुभवी स्त्रिया परक्या गावी जाऊन, तेथे मुक्काम करून नवे गट उभे करतात त्यांना ‘वर्धिनी’ हे नाव पडले, आणि त्या नावात हा जिल्हा कायमचा बसला आहे. जिला कालपर्यंत नवऱ्याच्या परवानगीवाचून आठवडी बाजाराला जाता येत नव्हते, ती दोन जिल्हे ओलांडून अनोळखी गावच्या सरपंचाला आपल्या येण्याचे कारण समजावून सांगते, हे स्थित्यंतर मी सामाजिक इतिहासातील मोठ्या घटनांत मोजतो.

इतके सर्व झाले असता हा विषय आज नव्याने मांडण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचक विचारील. कारण असे की अडसराने आपली जागा बदलली आहे. पूर्वी तो मंदिराच्या आणि विहिरीच्या दारी होता, आता पुष्कळसा दप्तरात जाऊन बसला आहे. कुष्ठरोगातून पूर्ण बरी झालेली एखादी वृद्धा रेशनच्या दुकानात उभी राहते आणि तिची झिजलेली बोटे यंत्राला ओळखता येत नाहीत. जिला पूर्वी गावाने नाकारले तिला आता यंत्र नाकारते. बोटांच्या ठशांना पर्यायाची तरतूद आहे. पण ती दुकानदाराला ठाऊक असावी, त्याने ती वापरावी आणि रांगेतल्या लोकांसमोर त्या वृद्धेला मान खाली घालावी लागू नये, याची तजवीज कोणा माणसालाच करावी लागते. पारध्याच्या मुलाला जातीचा दाखला हवा असतो, आणि त्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीत ज्या जमातींच्या माथी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला आणि ज्यांना १९५२ पर्यंत त्यातून सुटका नव्हती, त्यांच्या आजोबाचे नाव पोलिसांच्या वहीत सापडले तरी शाळेच्या दाखलखारिज पुस्तकात कोठून सापडणार? कापसाच्या कर्जापायी नवऱ्याने जीव दिलेल्या शेतकरी विधवेला मदतीची घोषणा ऐकू येते; २००६ सालच्या केंद्रीय मदतयोजनेतील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्धा होताच; पण जमीन सासऱ्याच्या नावावर, फेरफार झालेला नाही, सातबाऱ्यावर तिचा मागमूस नाही, आणि म्हणून पीककर्जाच्या दारी ती कोणीच नसते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, हे उत्तमच झाले. पण प्रमाणपत्राच्या तपासणीला जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर कारंजा किंवा आष्टीच्या टोकाच्या गावाहून एसटीच्या पायऱ्या चढूनच यावे लागते.

हे अडसर कोणी दुष्टबुद्धीने लावले असे नाही. नियम करणाऱ्यापुढे सर्वसाधारण माणसाची प्रतिमा होती, आणि त्या प्रतिमेत ही वृद्धा, हे मूल, ही विधवा नव्हती. म्हणूनच आजच्या कार्यकर्त्याला दयेबरोबरच वाचनाची, चिकाटीची आणि नेमकेपणाची आवश्यकता आहे. त्याने हुकूम वाचला पाहिजे, अर्जाची पोच जपून ठेवली पाहिजे, तलाठ्याशी आणि ग्रामसेवकाशी भांडणाआधी बोलले पाहिजे, आणि बोलून भागले नाही तर भांडलेही पाहिजे. सेवेची परंपरा त्याला मुक्काम करावयास शिकवील, हक्काची परंपरा ताठ उभे राहावयास शिकवील, व्यवसायाची परंपरा नोंद ठेवावयास शिकवील आणि गटाची परंपरा बाजूला होऊन दुसऱ्याच्या हाती सूत्रे द्यावयास शिकवील. यांतील एकच घेऊन चालणारा कार्यकर्ता कोठेतरी लंगडतो, असा या जिल्ह्यातील कामाचा एकूण अनुभव आहे.

प्रस्तुत ग्रंथाची रचना या अनुभवाला अनुसरून झाली आहे. हा संस्थांचा गौरवग्रंथ नाही, आणि शासनावर ठेवलेल्या आरोपांची कैफियतही नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आणि ज्यांच्यासाठी काम झाले त्यांनी, आपापल्या भाषेत, एकेका अडसराची हकीकत येथे सांगितली आहे: तो कोठे होता, कोणाच्या हाताखाली होता, कोणत्या उपायाने हलला आणि कोणत्या उपायाने हलला नाही. जेथे अपयश आले तेथे ते अपयश म्हणूनच नोंदले आहे, कारण नव्या कार्यकर्त्याला यशोगाथेपेक्षा फसलेल्या प्रयत्नाचा नकाशा अधिक उपयोगी पडतो. ग्रंथाला मर्यादा आहेत. तो एका जिल्ह्यापुरता आहे, आणि कोकणच्या वाडीला किंवा मुंबईच्या चाळीला त्यातील प्रत्येक निष्कर्ष लागू पडेलच असे नाही. शिवाय ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे कथन दुसऱ्याने उतरवून घेतले आहे, आणि उतरवून घेणाऱ्याच्या कानातून जाताना काही ना काही गळतेच. संपादकांनी या गळतीची जाणीव ठेवून निवेदनातील बोली, वाक्यांची घडण आणि थांबणेही शक्य तेथे तसेच राखले आहे, याबद्दल मी त्यांचा विशेष ऋणी आहे.

या ग्रंथाच्या वाचकांत समाजकार्याचे विद्यार्थी असतील, आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या असतील, शिक्षक आणि अधिकारी असतील, आणि ज्यांचा या क्षेत्राशी प्रत्यक्ष संबंध नाही असेही पुष्कळ असतील. या शेवटच्या वाचकांना मला विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे की हा विषय त्यांचाच आहे. अडसर काढणाऱ्या हातांविषयी आपण गौरवाने लिहितो, पण लागलेला अडसर ज्या हातांच्या आवाक्यात आहे ते हात बहुधा समाजसेवकाचे नसतातच. ते शाळेच्या हजेरीपटावर नाव चढविणाऱ्या मास्तरांचे असतात, तहसिलीत शिक्का मारणाऱ्या कारकुनाचे असतात, रेशनच्या यंत्रामागे बसलेल्या दुकानदाराचे असतात, भाड्याने खोली देणाऱ्या घरमालकाचे असतात, आणि सुनेच्या नावावर फेरफार करण्यास सही देणाऱ्या सासऱ्याचे असतात. समाजसेवक फार तर बाहेरून हाक देतो आणि ती हाक ऐकू येईपर्यंत दारात उभा राहतो. पुढील पाने अशा उभे राहण्याचा वृत्तान्त आहेत. ती वाचताना एखाद्या ठिकाणी, हे लाकूड तर माझ्याच हाताजवळ आहे, असे वाचकाला वाटले, आणि पुस्तक क्षणभर खाली ठेवून तो उठला, तर लेखकांनी केलेल्या श्रमाचे पुरेपूर चीज झाले असे मी समजेन.